जहाज परत कधी निघणार?

नागपुरात अजनीच्या रेल्वे शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनाबद्दल तिथला माणूस एकच प्रश्न विचारतो: हे सुटणार कधी? किती अश्वशक्तीचं, ताशी किती पळतं, हे कागदावर असतंच. शेडमधून वेळेवर निघालं नाही तर ते इंजिन नसल्यातच जमा. नौदलाच्या तळाचं युद्धातलं महत्त्व कळायला नागपूरकराला यापेक्षा फार वेगळं काही शिकावं लागत नाही. समुद्र आपल्यापासून कमीत कमी साडेपाचशे किलोमीटर लांब आहे, त्यामुळे 'आपल्याले काय करा लागते समुद्राचं?' म्हणणारे भरपूर भेटतात. पण देखभाल ही काय चीज आहे ते या शहराला माहीत आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरात आहे, मिहानमध्ये विमानदुरुस्तीचं केंद्र आहे आणि अजनी तर आहेच.

युद्धाची चाहूल लागली की टीव्हीवर जहाजांची मोजदाद सुरू होते. त्यांच्या इतक्या पाणबुड्या, आपल्या तितक्या. या मोजणीत तळ कुठे दिसतच नाही, आणि म्हणून ती फसवी असते. थोडं गणित करून बघू.

समजा एक पाणबुडी एका फेरीत ४० दिवस बाहेर राहू शकते. सरासरी वेग ८ नॉट, म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर. वर्धा रोडवर रमतगमत चाललेल्या सायकलवाल्याइतका. दिवसाला १९२ सागरी मैल. गस्तीची जागा तळापासून २००० सागरी मैलांवर असेल तर जायला साडेदहा दिवस, यायला साडेदहा. हातात उरले १९. परतल्यावर दुरुस्ती, इंधन, शिधा आणि माणसांची झोप यासाठी तळावर २० दिवस धरा. ६० दिवसांच्या फेऱ्यात पाणबुडी कामाची फक्त १९ दिवस. त्या जागी कायम एक पाणबुडी हवी असेल तर तीनही पुरत नाहीत, चौथी लागते. आता तोच तळ ५०० मैलांवर आणा. येण्याजाण्यात पाच दिवस जातात, गस्तीला ३५ उरतात आणि दोन पाणबुड्यांत भागतं. एकही नवी पाणबुडी न बांधता ताफा दुप्पट झाला. तळ हलवता येत नसेल तर दुसरा उपाय उरतो तळावरचा मुक्काम कमी करण्याचा. २० चे १० दिवस केले तर लांबच्या तळावरूनही तीन पाणबुड्यांत काम निघतं, चौथी वाचते. युद्धात तळाकडून हव्या असतात त्या या दोनच गोष्टी: जागा आणि उरक. बाकी सगळं त्यांच्या पोटात येतं.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा जर्मनीला यातली पहिली गोष्ट फुकटात मिळाली. तोवर त्यांच्या पाणबुड्यांना जर्मनीतल्या बंदरांतून निघून स्कॉटलंडला वरून वळसा घालावा लागे. ७ जुलै १९४० ला यू-३० ही पाणबुडी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या लोरियाँला पोचली आणि वळसा संपला. अटलांटिक दारातच आला.

उलटं उदाहरण आपल्याकडचं. १९७१ मध्ये पाकिस्तानच्या पूर्व भागात पाणबुडी सांभाळेल असा तळ नव्हता. चितगाव बंदर होतं, पण बंदर म्हणजे तळ नव्हे. पाणबुडीची बॅटरी, टॉर्पेडो, दुरुस्ती यांची सोय तिथे नव्हती. आपली विमानवाहू नौका विक्रांत, तिला बंगालच्या उपसागरात गाठायचं तर कराचीहून सगळ्या भारताला प्रदक्षिणा घालून यायचं, सुमारे ३००० सागरी मैल. एवढा पल्ला असलेली त्यांची एकच पाणबुडी होती, अमेरिकेकडून १९६४ मध्ये घेतलेली जुनी गाझी. ती आली. इकडे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानकडे पाठवून दिलं होतं आणि विशाखापट्टणममध्ये मात्र विक्रांतसाठी म्हणून मोठ्या प्रमाणात शिधा मागवायला सुरुवात केली होती. हे मला फार आवडतं. तळावर किती भाजी, किती मटण जातं यावरून बंदरात कोणतं जहाज आहे हे बाजारातला ठेकेदारही सांगू शकतो, हे ओळखून केलेली ती खेळी होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. आपल्या राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बाँबनी (डेप्थ चार्जनी) की तिच्याच सुरुंगांच्या स्फोटाने, यावर दोन्हीकडे वेगवेगळं सांगितलं जातं. तिच्या जागी पाठवायला मात्र पाकिस्तानकडे दुसरं काही नव्हतं.

आता तळावर नेमकं काय असतं ते बघू. धक्का आणि क्रेन सगळ्यांना दिसतात. न दिसणारी पहिली गोष्ट पाणी. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला त्यामागे खडक आणि नौकांना मिळणारा आडोसा होता हे खरंच, पण चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, हे नसतं तर तिथे शिबंदी महिनाभरही टिकली नसती. आजही धक्क्यावर गोड्या पाण्याचा नळ आणि विजेचं जोडणीघर ही जहाजाला लागणारी पहिली सोय. विजेतही गोम आहे. बऱ्याच युद्धनौकांवर वीज ६० हर्ट्झची असते, किनाऱ्यावर महावितरण देतं ती ५० हर्ट्झची, आणि रशियन बनावटीच्या नौका ५० हर्ट्झवरच चालतात. म्हणून धक्क्यावर कन्व्हर्टर लागतात. कन्व्हर्टर बंद पडला तर जहाजाला धक्क्यावर उभं असतानाही स्वतःचे जनित्र चालू ठेवावे लागतात. म्हणजे तेल जळतं, जनित्रांचे तास भरतात आणि ज्या यंत्राची दुरुस्ती करायला ते आलं तेच यंत्र थांबवता येत नाही.

पण तळाचा जीव असतो सुक्या गोदीत. जहाजाचा पाण्याखालचा भाग, म्हणजे पंखे, सुकाणू, सोनारचा (आवाजाने पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रणेचा) घुमट, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा, यांना नीट हात लावायचा तर जहाज कोरडं करावं लागतं. काम दिसायला सोपं आहे: खड्ड्यात पाणी भरा, जहाज आत घ्या, दार लावा, पाणी उपसा. प्रत्यक्षात तयारी काही दिवस आधी सुरू होते. प्रत्येक जहाजाचा गोदीचा नकाशा असतो. कील, म्हणजे जहाजाचा कणा, ज्यावर टेकणार ते ठोकळे कुठे, किती उंचीचे, बाजूचे ठोकळे कोणत्या फासळीखाली, हे सगळं त्यात. ठोकळ्याचं अंग सहसा काँक्रीटचं आणि वरची टोपी लाकडाची, कारण लाकूड थोडं दबतं आणि भार वाटून घेतं. सोनारच्या घुमटाखाली ठोकळा आला तर घुमट गेला. ठोकळ्यांची रांग कोरड्या गोदीत मांडून, मोजून, दोरी धरून तपासतात आणि मगच पाणी सोडतात.

जहाज आत आलं की तरंगतं दार जागेवर बसवून त्यात पाणी भरतात. ते जड होऊन खाली बसतं आणि गोदी समुद्रापासून तुटते. पंप सुरू होतात. जहाज सहसा मागच्या बाजूने किंचित खोल असतं, त्यामुळे आधी मागचं टोक ठोकळ्याला टेकतं. खरी भीती या घडीला. पुढचा भाग अजून तरंगतोय, मागचा टेकलाय, आणि टेकलेल्या जागी ठोकळा जहाजाला वर रेटतोय. या रेट्याचा परिणाम गुरुत्वमध्य वर सरकल्यासारखा होतो. रस्त्यावर ट्रकच्या टपावर सामान चढवावं तसं. आधीच वरून जड असलेलं, किंवा टाक्यांमध्ये अर्धवट भरलेलं पाणी हेलकावणारं जहाज इथे कलंडू शकतं. म्हणून पंप मंद करतात, पाणबुडे उतरून बाजूचे ठोकळे हाताने तपासतात आणि सगळी कील बसल्याची खात्री झाल्यावरच पुढचं पाणी काढतात.

बाहेर काढताना हेच सगळं उलट, आणि माझ्या मते जास्त धोक्याचं, कारण आत आलेलं जहाज आणि बाहेर निघणारं जहाज सारखं नसतं. दोन महिन्यांत यंत्रं उतरवली, नवी चढवली, टाक्या रिकाम्या केल्या. प्रत्येक वजनाची नोंद ठेवून नवा तोल काढावा लागतो. पाणी झडपांच्या वर आलं की भरणं थांबवतात, प्रत्येक कप्प्यात माणूस उतरून गळती बघतो, मग पुढे. ५ डिसेंबर २०१६ ला मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस बेतवा बाहेर काढताना ठोकळ्यांवरून घसरून आडवी झाली. दोन नौसैनिक गेले. जवळपास ३८५० टनांचं जहाज सरळ करायला पुढचं वर्ष उजाडलं. शांततेच्या काळात, कुणी बाँब टाकत नसताना. युद्धात तेच काम दिवे विझवून आणि निम्म्या वेळात करायचं असतं.

निम्म्या नव्हे, तिसाव्या हिश्श्याच्या वेळात केल्याचं उदाहरण आहे. ८ मे १९४२ ला कोरल समुद्रातल्या लढाईत अमेरिकेच्या यॉर्कटाउन या विमानवाहू नौकेच्या डेकमधून बाँब आरपार जाऊन आत फुटला. २७ मे रोजी ती पर्ल हार्बरला आली. दुरुस्तीचा अंदाज होता ९० दिवस. ॲडमिरल निमित्झ यांनी दिले तीन. २८ ला ती सुक्या गोदीत होती आणि सुमारे १४०० कामगार तिच्यावर चढले. फाटलेल्या भिंतींचं मोजमाप घेऊन नकाशे करायला वेळ नव्हता. जागेवरच लाकडी साचा धरून पत्रा कापायचा आणि जोडायचा. वेल्डिंगला वीज पुरावी म्हणून होनोलुलूच्या वस्त्यांमध्ये आळीपाळीने वीज बंद ठेवली गेली. भारनियमन म्हणजे काय ते विदर्भाला सांगायला नको, पण जहाजासाठी केलेलं भारनियमन दुर्मीळच. सगळं दुरुस्त झालं नाही. धावपट्टी, पाण्याखालच्या शिवणी आणि भार पेलणारे खांब एवढंच बघितलं, बाकी सोडून दिलं. काय करायचं नाही हे ठरवणं ही दुरुस्तीतली अर्धी अक्कल असते. ३० मे रोजी ती निघाली आणि ४ जूनला मिडवेच्या लढाईत तिच्या विमानांनी जपानची सोर्यू बुडवली. त्याच कोरल समुद्रातून परतलेल्या जपानच्या दोन विमानवाहू नौका मात्र मिडवेला नव्हत्या. शोकाकू नादुरुस्त अवस्थेत कुरेला होती. झुइकाकूला तर ओरखडाही नव्हता. तिच्याकडे विमानं आणि वैमानिक उरले नव्हते आणि तळाकडे तयार बदली नव्हती.

गोदीची किंमत शत्रूलाही कळते. जर्मनीची टिर्पिट्झ ही प्रचंड युद्धनौका दुरुस्त करू शकेल अशी जर्मनांच्या ताब्यातल्या अटलांटिकच्या किनाऱ्यावर एकच सुकी गोदी होती, सेंट नाझेरची नॉर्मंडी गोदी. सुमारे ३५० मीटर लांब, ५० मीटर रुंद. ब्रिटिशांनी टिर्पिट्झच्या मागे न लागता गोदीचं दार फोडायचं ठरवलं. २८ मार्च १९४२ च्या पहाटे कॅम्पबेलटाउन ही जुनी विनाशिका, पुढच्या भागात चार टनांहून जास्त स्फोटकं काँक्रीटमध्ये लपवून, त्यांनी थेट दारावर नेऊन आदळवली. काही तासांनी, जर्मन तिच्यावर फिरत असताना, ती फुटली. मोहिमेतल्या सुमारे ६०० जणांपैकी १६९ गेले. गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी राहिली आणि टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये कधीच उतरली नाही. एका दाराच्या बदल्यात अख्खी युद्धनौका जागच्या जागी बसली.

इंधनाचं थोडक्यात. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपान्यांनी युद्धनौका बुडवल्या, पण ४५ लाख बॅरल तेलाच्या उघड्यावरच्या टाक्या, दुरुस्तीची गोदी आणि पाणबुड्यांचा तळ तसाच सोडला. यॉर्कटाउन दुरुस्त झाली ती याच गोदीत. टाक्या जळाल्या असत्या तर ते तेल टँकरने अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून पुन्हा आणावं लागलं असतं आणि ताफा तोवर कॅलिफोर्नियाला मागे सरकला असता. १९७१ मध्ये आपण ही चूक केली नाही. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ८ तारखेच्या रात्री विनाशने पुन्हा केला, आणि केमाडीच्या तेलाच्या टाक्या जळत राहिल्या. पाकिस्ताननेही उत्तरादाखल ओखा बंदरावर विमानं पाठवली. क्षेपणास्त्र नौका आधीच हलवलेल्या होत्या, पण त्यांच्या इंधनाची टाकी आणि जेट्टी सापडली. नौका तासाभरात हलवता येते, टाकी हलत नाही. टाकी जमिनीखाली घालावी तर तिचंही दुखणं असतं: हवाईत रेड हिल इथे डोंगर पोखरून २० अजस्र टाक्या बांधल्या, बाँबपासून त्या सुरक्षित राहिल्या, पण २०२१ मध्ये तिथलं इंधन पिण्याच्या पाण्यात उतरलं आणि ते कोठारच बंद करायची पाळी आली.

दारूगोळ्याचा नियम एकच: तो माणसांपासून, इतर मालापासून आणि दुसऱ्या जहाजापासून लांब. हा नियम मोडला की काय होतं ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्या जोडीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. विदर्भातल्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा, गाठीला आतून लागलेली आग पाण्याने विझत नाही. वरून भिजते, आत धुमसत राहते. तशीच ती धुमसली आणि दुपारी जहाज फुटलं. आज मुंबईत नौदलाचा दारूगोळा बंदराच्या पलीकडच्या काठाला, करंज्याला ठेवतात. गोदीत शिरण्याआधी जहाजावरचा दारूगोळा उतरवतात, तोही याच भीतीने. तरी १४ ऑगस्ट २०१३ ला धक्क्याला लागलेली, मोहिमेसाठी शस्त्रं भरलेली सिंधुरक्षक स्फोटात बुडाली, १८ जण गेले आणि शेजारच्या पाणबुडीलाही झळ बसली. (पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारातली २०१६ ची आग आपल्याला आठवते. तिथे निदान जागा तरी मोकळी होती. बंदरात जागाच नसते.)

इथे एक नवी अडचण आली आहे आणि तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. पूर्वी जहाज भर समुद्रात तेल, अन्न आणि तोफगोळे घेऊन महिनोन्महिने बाहेर राहू शकायचं. आजची क्षेपणास्त्रं डेकखालच्या उभ्या नळकांड्यांमध्ये असतात. कित्येक मीटर लांबीचा, टनाच्या वर वजनाचा डबा क्रेनने उचलून, काही मिलिमीटरच्या फटीत सरळ खाली सोडायचा. जहाज दोन अंशांनी डोललं तरी डब्याचं टोक वर हातभर झुलतं. म्हणून हे काम शांत पाण्यात, धक्क्यावर करतात. २०२३-२४ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुती बंडखोरांचे ड्रोन पाडणाऱ्या अमेरिकी विनाशिकांना नळकांडी रिकामी झाली की मोर्चा सोडून बंदर गाठावं लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने समुद्रातच असा डबा भरण्याची चाचणी केली, पण चाचणी वेगळी आणि रोजचं काम वेगळं. तोफांच्या काळापेक्षा क्षेपणास्त्रांच्या काळात जहाज तळाला जास्त बांधलं गेलं आहे. तेल संपण्याआधी बाण संपतात.

तळाचं तोंड हा आणखी एक नाजूक भाग. विशाखापट्टणमचं आतलं बंदर डॉल्फिन्स नोजच्या डोंगराकडेने जाणाऱ्या अरुंद वाटेने उघडतं. वाऱ्यापासून आडोसा उत्तम. पण त्या वाटेत एक जहाज बुडालं किंवा चार सुरुंग पडले तर आतला ताफा शाबूत असूनही आतच. सुरुंग स्वस्त असतो, तो शोधणं महाग आणि वेळखाऊ. वाट साफ करणारी जहाजं कमी चुंबकीय अंगाची असतात, सोनारने समुद्राचा तळ चाचपत मुंगीच्या वेगाने जातात आणि प्रत्येक संशयास्पद डबा, मग तो जुना फ्रिज का असेना, तपासतात. आपल्या नौदलाची अशी शेवटची नौका, कोळीकोड, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली. नव्या १२ नौकांच्या खरेदीला प्राथमिक मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. मधल्या काळात आपण विमानवाहू नौका बांधली याचा अभिमान आहेच, पण तिला बंदराबाहेर सोडणारी झाडूवाली नौका आधी हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत शिरणाऱ्याला अडवायला जाळ्या लागतात आणि त्या कायम अपुऱ्या असतात. नोव्हेंबर १९४० मध्ये टारांटोत इटलीने गरजेच्या साधारण एक-तृतीयांश टॉर्पेडोजाळ्या टाकल्या होत्या, आणि विमानं अडवायला हवेत सोडलेले बरेच फुगेही वादळाने उडवून नेले होते. ब्रिटिशांची २१ जुनाट, दोन पंखी विमानं आली आणि त्यांनी तीन युद्धनौका निकामी केल्या. पर्ल हार्बरचं पाणी टॉर्पेडोसाठी उथळ म्हणून तिथे तर जाळ्याच नव्हत्या. जपान्यांनी टॉर्पेडोला लाकडी पंख लावून उथळपणावर तोडगा काढला.

गर्दीचा धडा मात्र मराठी माणसाला फार आधी मिळाला होता. १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गासमोर आलं. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून बांधलेली होती. एका गोळ्याने रेस्टोरेशन हे जहाज पेटलं. ते मुळात इंग्रजांचंच, आंग्र्यांनी पकडून आणलेलं. आग शेजारच्यावर, तिथून पुढच्यावर. सगळं आरमार धक्क्यालाच जळालं आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. (त्या स्वारीत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आजही वाचवत नाही.) किल्ला भक्कम होता, वाघोटण खाडीत खडकात कोरलेली गोदी होती, तटबंदी होती. जहाजांमधलं अंतर तेवढं नव्हतं.

१९७१ नंतर आपल्या नौदलाला हेच मुंबईत खुपायला लागलं. व्यापारी जहाजं, तेलवाहू जहाजं, मासेमारीच्या होड्या आणि पश्चिमेचा सगळा ताफा एकाच खाडीत, वर शहराच्या गच्च्यांवरून सगळं दिसतं, आणि गाळ सतत उपसावा लागतो. तिथून कारवारचा विचार पुढे आला. १९८६ मध्ये पायाभरणी झाली आणि आयएनएस कदंबा नौदलात दाखल व्हायला २००५ उजाडलं. अंजदीव बेट लाटरोधक भिंतीने जमिनीला जोडून त्याच्या आड बंदर केलं आहे. पाणी खोल, मागे सह्याद्री, आणि पाकिस्तानच्या किनाऱ्यापासून मुंबईपेक्षा कितीतरी लांब. तिथे सुक्या गोदीऐवजी जहाज उचलणारी लिफ्ट आहे, १०,००० टनांपर्यंतची. लिफ्ट जहाज वर उचलते, मग ते रुळांवरून बाजूच्या जागेवर सरकवतात आणि लिफ्ट दुसऱ्या जहाजाला मोकळी. गोदीत एक जहाज तीन महिने अडकलं तर गोदी तीन महिने अडकते. इथे तसं होत नाही. पण लिफ्टच बिघडली तर जमिनीवर चढवलेली सगळी जहाजं तिथेच कैद, हा तिचा दोष. विमानवाहू नौकेसाठी तर ती लहानच. विक्रमादित्यला बुडाच्या कामासाठी कोचीच्या गोदीत न्यावं लागलं. तिकडे पाकिस्ताननेही तोच धडा घेतला आणि कराचीच्या पश्चिमेला ओरमाऱ्याला दुसरा तळ काढला.

जवळचा तळ चांगला हे सुरुवातीचं गणित, आणि तळ लांब हवा हे कारवारचं. दोन्ही खरी आहेत आणि यातली ओढाताण संपत नाही. सेव्हास्तोपोल बघा. काळ्या समुद्राच्या मध्यावर बाहेर आलेलं क्रिमिया, तिथून सगळीकडे अंतर कमी. म्हणूनच युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनाही ते जवळ. १३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री क्षेपणास्त्रं थेट सुक्या गोदीत पडली. मिन्स्क हे सैन्य उतरवणारं जहाज आणि रोस्तोव-ऑन-डॉन ही पाणबुडी ठोकळ्यांवरच होती. गोदीतलं जहाज पळू शकत नाही, बुडूही शकत नाही, आणि मोडलं तर गोदीही अडवून ठेवतं. तुर्कस्तानने सामुद्रधुनी युद्धनौकांना बंद केल्यामुळे बदली जहाज बाहेरून आणता येईना. रशियाने बराचसा ताफा पूर्वेला नोव्होरोसिस्कला हलवला. तिथे हिवाळ्यात डोंगरावरून बोरा नावाचा वारा असा उतरतो की धक्क्याला बांधलेली जहाजंही सांभाळावी लागतात.

यातलं बरंच आता नागपुरात बसूनही पडताळता येतं. कुठल्या तळावर हल्ल्याची बातमी आली की उपग्रहाची छायाचित्रं दोन-चार दिवसांत इंटरनेटवर येतात. धक्क्यावरची जहाजं मोजण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. गोदीचं दार जागेवर आहे का आणि आत पाणी हिरवं दिसतंय की कोरडं काँक्रीट. रुळांवरच्या क्रेन दोन चित्रांमध्ये हलल्या आहेत का. आठवडाभर एकाच जागी असतील तर काम बंद आहे. आणि टाक्या. ज्या टाक्यांचं छत तेलावर तरंगतं, त्यांच्या आतल्या बाजूला उन्हात चंद्रकोरीसारखी सावली पडते. कोर जितकी जाड, तितकं तेल खाली गेलेलं.